म्हशीच्या दुधातली प्रथिनं काढताना: ऑक्सिटेट्रासायक्लीन प्रकल्पाच्या नोंदी

काम असं: म्हशीच्या दुधात ऑक्सिटेट्रासायक्लीन (जनावरांना देतात ते एक प्रतिजैविक, पुढे नुसतं ओटीसी) उरलंय का, ते एचपीएलसीवर (द्रावणातले पदार्थ वेगळे करून मोजणारं मशीन) मोजायचं. कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) दुधासाठी घातलेली मर्यादा लिटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, तिथपर्यंत पोचायचं. जागा बेळगावातल्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. माणसं म्हणजे मी, एमएस्सीचे दोघं (एक खानापूरची, एक निपाणीचा) आणि लॅबचे मामा (मदतनीस). निपाणी-चिकोडीकडच्या कॉलेजांतून हेच काम करायचंय म्हणून विचारणा झाली, तेव्हा वहीतल्या नोंदी थोड्या नीट करून देतेय. मोजणीबद्दल यात फार काही नाही, ती सोपी आहे. आमचा पावसाळा खाल्ला तो प्रथिनांनी.

९ जून

कोरं दूध लागतं, म्हणजे ज्यात औषध नाही याची खात्री आहे असं. पिशवीचं दूध त्यासाठी निरुपयोगी, कारण ते किती गोठ्यांचं मिसळलेलं असतं कोण सांगणार. खानापूरवालीच्या मामी येळ्ळूरला असतात, त्यांच्या म्हशीला बऱ्याच महिन्यांत एकही इंजेक्शन नाही. सकाळच्या धारेचं दूध बर्फात घालून आणलं. काय करायचंय ते ऐकून मामी म्हणाल्या, "एवढं कशाला करायलाय गं, लिंबू पिळा की दोन थेंब."

पहिला प्रयोग खरोखर तोच केला, फक्त लिंबाच्या जागी ॲसेटिक आम्ल. बीएस्सीला सगळ्यांनी केलेलं केसीनचं प्रॅक्टिकल: पीएच ४.६ ला आणा, केसीन खाली बसतं, गाळा. दुधातल्या प्रथिनांत केसीन ८० टक्क्यांच्या आसपास. गाळून खाली आलेलं पाणी हिरवट-पिवळं, छान निवळ. ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढून मशीनवर लावलं. ३५५ नॅनोमीटरवर (ओटीसी या तरंगलांबीला बघतात) बेसलाइन सरळ रेघ. सगळे खूश.

१० जून

मामांचा फोन, "मॅडम, मशीन वरडायलंय बघा." प्रेशरची वरची मर्यादा लागून पंप बंद पडलेला. आदल्या दिवशी १२० बारवर चालणारा कॉलम (मशीनमधली नळी, जिच्यात पदार्थ वेगळे होतात) दुपारपर्यंत २०० च्या पुढे.

कारण सोपं आहे आणि ते आधी डोक्यात यायला हवं. पीएच ४.६ ला केसीन पडतं, पण मट्ठ्यातली, म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातली, प्रथिनं (बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन) विरघळलेलीच राहतात. ती ०.४५ च्या फिल्टरमधून आरामात जातात. पुढे कॉलमच्या तोंडाशी त्यांना मोबाइल फेजमधलं (कॉलममधून सतत वाहणारं द्रावण) ॲसिटोनायट्राइल भेटतं आणि ती तिथेच साकळतात. ३५५ ला आपण बघतो म्हणून प्रथिनं दिसत नाहीत, ती २८० ला दिसली असती. म्हणजे क्रोमॅटोग्राम स्वच्छ आहे याचा अर्थ नमुना स्वच्छ आहे असा होत नाही. प्रेशरचा आकडा खरं बोलतो. आजपासून प्रत्येक इंजेक्शनपुढे प्रेशर लिहायचा नियम केला, आणि डिटेक्टरवर २८० चं दुसरं चॅनेल कायम चालू.

गार्ड कार्ट्रिज (कॉलमच्या रक्षणासाठी त्याच्या आधी बसवलेला छोटा तुकडा) गेलं. कॉलम मात्र वाचला. तो धुताना आधी भरपूर पाणी सोडा, मग ॲसिटोनायट्राइल वाढवत न्या. मोबाइल फेजमध्ये ऑक्झॅलिक आम्ल किंवा बफर असताना एकदम शंभर टक्के ॲसिटोनायट्राइल सोडलंत तर आत क्षार बसतील आणि प्रथिनांची पीडा परवडली म्हणाल. नव्या कॉलमची किंमत तीस हजारांच्या घरात आहे, गार्डशिवाय या कामाला हात लावू नका.

१४ जून

निपाणीवाल्याने सुचवलेली आणि या कामात फार चालणारी तपासणी: गाळलेलं निवळ पाणी थोडं टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, तेवढीच मोबाइल फेज घालायची, दहा मिनिटं ठेवून काळ्या कागदासमोर बघायचं. गढूळ दिसलं तर तेच कॉलममध्येही होणार. ९ तारखेचं उरलेलं पाणी असं तपासलं, लगेच दुधाळ झालं. ट्यूब फेकली तर काही बिघडत नाही, कॉलमचं तसं नाही. यापुढे ही तपासणी झाल्याशिवाय मशीनला हात नाही.

१७ जून

ॲसिटोनायट्राइल. रक्ताच्या प्लाझ्मासाठी सगळे हेच वापरतात: एक भाग नमुना, तीन भाग थंड ॲसिटोनायट्राइल, ढवळा, फिरवा, वरचं घ्या. दुधाला लावलं. साका (खाली बसलेली प्रथिनं) घट्ट बसला, वरचं पाणी काचेसारखं, मोबाइल फेजची तपासणीही पास. प्रेशर हललं नाही.

पण ओटीसी कुठे आहे? दुधात लिटरला १ मिलिग्रॅम घालून केलं, परत निम्म्याहूनही कमी मिळालं. शिवाय जे मिळालं त्याचा पीक (मशीनच्या आलेखावरचा उंचवटा) पुढून फुगलेला, एकदा तर दुभंगलेला. दुसरं दुखणं लगेच कळलं: ७५ टक्के ॲसिटोनायट्राइलमधलं द्रावण थेट टोचलं तर ते मोबाइल फेजपेक्षा जोरकस असतं, औषध कॉलमच्या तोंडाशी थांबतच नाही. पाण्याने पातळ करून टोचलं की पीक सुधारतो, पण मग मर्यादेजवळचं काही दिसत नाही.

पहिलं दुखणं खोल आहे. टेट्रासायक्लीन जातीची औषधं कॅल्शियमला चिकटतात (म्हणून तर डॉक्टर ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका सांगतात). दुधातलं बरंचसं कॅल्शियम केसीनच्या कणांत बसलेलं, आणि म्हशीच्या दुधात ते गाईच्या दुधाहून जास्त. केसीन पडतं ते कॅल्शियमसकट आणि त्याला धरून बसलेल्या ओटीसीसकट.

२१ जून

आज दिवसभर मशीन लावलंच नाही, नुसता हिशेब. औषध साक्यात अडकलंय की पुढे कुठे हरवलंय, हे कळायला दोन नमुने बरोबरीने चालवायला हवेत. एकात ओटीसी दुधात आधी घालायचं आणि मग प्रथिनं काढायची. दुसऱ्यात कोऱ्या दुधातली प्रथिनं आधी काढायची आणि उरलेल्या निवळ पाण्यात तेवढंच ओटीसी घालायचं. दुसरा बरोबर येऊन पहिला कमी आला, तर तोटा साक्यात. दोन्ही कमी, तर फिल्टर, काच, उजेड किंवा मशीन.

आणखी एक, जे फार जण गाळतात. ओटीसी दुधात घालून लगेच प्रथिनं पाडली तर आकडा खोटा चांगला येतो, कारण औषधाला केसीनला धरायला वेळच मिळालेला नसतो. घातल्यावर अर्धा तास अंधारात, थंडीत ठेवा. मग आकडा पडतो. आमचा पुढे पडला, आणि तोच खरा.

२५ जून

झिंक सल्फेट. रक्तातली साखर, दुधातली लॅक्टोज वगैरेंसाठी जुनी, स्वस्त, भरवशाची पद्धत, आणि आमच्या कपाटात बाटली पडून होती. पाणी इतकं सुंदर निवळतं की फोटो काढावा. ओटीसी जवळपास शून्य. झिंक हाही धातू, त्यालाही टेट्रासायक्लीन धरतं, मग साक्याबरोबर खाली. कॅरेझच्या द्रावणांतही (प्रथिनं पाडायला वापरतात ती जोडद्रावणं) झिंकच असतं, त्यामुळे तीही बाद. पुस्तकात प्रथिनं काढायच्या पद्धतींचे तक्ते असतात, त्यात कुठल्या पद्धतीने किती प्रथिनं जातात एवढंच असतं. आपल्याला हवा असलेला पदार्थ त्यात तरतो की नाही, हे त्या तक्त्याला माहीत नसतं. साखरेला जे चालतं ते टेट्रासायक्लीनला मारक.

पर्क्लोरिक आम्ल वापरलंच नाही. सेंद्रिय पदार्थांबरोबर ते वाळलं तर स्फोटाचा धोका, आणि आमचं फ्यूम हूड त्यासाठीचं नाही. या विषयावर चर्चा नको.

३० जून

मॅकल्व्हेन बफर आणि ईडीटीए. बफर १९२१ चा: सायट्रिक आम्ल आणि डायसोडियम फॉस्फेट. (मामींचं लिंबू अखेर आलंच.) ०.१ मोलर सायट्रिक आम्ल १ लिटर, ०.२ मोलर डायसोडियम फॉस्फेट ६२५ मिली, पीएच ४.० ला जुळवा, त्यात डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ६०.५ ग्रॅम. ईडीटीए विरघळायला वेळ घेतं, चुंबकी ढवळणीवर सोडून चहाला जा. विरघळल्यावर पीएच पुन्हा बघा, तो सरकलेला असतो.

ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं आणि ओटीसी सुटतं. एवढी एक गोष्ट कळायला जून गेला.

५ मिली दूध, २० मिली बफर, दहा मिनिटं हलवलं. केसीन पीएचमुळेच फुटलं. ओटीसी एकदम वर आलं, सत्तर टक्क्यांच्या पुढे. पण मट्ठ्याची प्रथिनं पुन्हा पाण्यात, तपासणीत दुधाळ. म्हणजे वरून ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल (टीसीए) लागणार.

३ जुलै

टीसीएची बाटली उघडली तर स्फटिकांऐवजी आत ओला गोळा. हा पदार्थ हवेतलं पाणी पितो आणि बेळगावचा जुलै म्हणजे हवेत पाणीच पाणी. अशा गोळ्यातून वजन करून घेतलेल्या २० ग्रॅमला काही अर्थ नाही. नवी बाटली मागवावी लागली, कोल्हापूरहून, आणि ती यायला आठवडा.

ती आल्यावर जे केलं ते आधीच करावं: न उघडलेल्या ५०० ग्रॅमच्या बाटलीत थेट २२७ मिली पाणी घाला. सगळं विरघळलं की ते १०० टक्के (वजन/घनफळ) द्रावण होतं. तराजू नाही, ओलावा नाही. गडद बाटलीत, फ्रिजमध्ये. त्यातून २० मिली घेऊन १०० मिली केलं की २० टक्क्यांचं रोजचं द्रावण. हातमोजे आणि चष्मा घाला, कातडी जाळतं हे.

१२ जुलै

५ मिली दूध, २० मिली बफर, वर २० टक्के टीसीए २ मिली. निपाणीवाल्याने टीसीए पिपेटने एकदम सोडलं. पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्या, बाहेरून घट्ट, आत ओलं दूध तसंच. त्या आतल्या दुधातलं ओटीसी आतच राहिलं. एकाच दुधाच्या तीन ट्यूबांत तीन आकडे. दुसऱ्या खेपेला ट्यूब व्हॉर्टेक्सवर (ट्यूब जोरात ढवळणारं यंत्र) फिरत असताना थेंब थेंब सोडलं. साका रव्यासारखा बारीक आला आणि तिन्ही आकडे एकमेकांजवळ. दिवसभरात दुसरं काही बदललं नव्हतं.

१३ जुलै

जास्त टीसीए घातलं तर मट्ठ्याची प्रथिनं पूर्ण जातील या हिशेबाने २ ऐवजी ६ मिली घातलं. संध्याकाळी पाणी निवळ, सकाळी फ्रिजमधल्या ट्यूबच्या तळाशी पांढरी कणी. सगळ्यांनी धरून चाललं की प्रथिनंच उशिरा पडली, म्हणून टीसीए आणखी वाढवलं. कणी आणखी वाढली!

सोडवणूक खानापूरवालीने केली. तिने एक ट्यूब दुधाशिवाय लावली: नुसता बफर आणि टीसीए. तीच कणी. ते ईडीटीए होतं. पीएच फार खाली गेला की ईडीटीए आम्लरूपात येतं, आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणजे आम्ही ज्याच्या जिवावर ओटीसी सोडवलं तेच बाहेर टाकत होतो. बायुरेट (तांब्याने प्रथिनं ओळखायची रंगाची चाचणी) करून बघा असं कुणी सुचवेल, पण ईडीटीए तांबंही धरतं, त्या चाचणीचा रंग अशा नमुन्यात विश्वासाचा नाही. दुधाशिवायची ट्यूब प्रत्येक बॅचमध्ये असू द्या, ती फुकट असते.

टीसीए २ मिलीवर परत. थोडी मट्ठ्याची प्रथिनं राहतील ती पुढच्या पायरीवर काढू.

१९ जुलै

चरबी. म्हशीच्या दुधात ६ ते ८ टक्के, आणि ती साका व पाणी यांच्या वर सायीसारखी तरंगते. साध्या सेंट्रिफ्यूजवर फिरवलं तर ती मऊ राहते, पिपेट घातला की पाण्यात मिसळते आणि फिल्टर चोंदतात. ४ अंशाला फिरवलं की थर घट्ट होतो, बारीक पिपेटने कडेने भोक पाडून खालचं पाणी ओढता येतं. आमच्याकडे थंड सेंट्रिफ्यूज नाही, शेजारच्या विभागाकडून मागून घेतलं.

तिथे एक अडचण. लेखांमध्ये "४००० आरपीएम" लिहिलेलं असतं, तेवढ्यावर जाऊ नका. खरा जोर (जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट) रोटरच्या त्रिज्येवर ठरतो: १.११८ गुणिले १० चा उणे ५ वा घात, गुणिले सेंटीमीटरमधली त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग. १० सेंटीमीटरच्या रोटरवर ४००० आरपीएम म्हणजे सुमारे १७९० जी, १५ च्या रोटरवर सुमारे २६८०. आमच्या जुन्या मशीनवर साका सैल राहायचा, शेजारच्यांच्यावर त्याच आकड्याला घट्ट. नोंद जी मध्ये करा.

२४ जुलै

"करेंट होय्तु!" (वीज गेली) बाहेरून शिपाई ओरडले आणि सेंट्रिफ्यूज मध्येच थांबलं. हळूहळू थांबताना साका परत उसळतो. बर्फात ठेवून पुन्हा फिरवलं तर चाललं. व्हॅक्यूम पंपावरच्या एसपीई कार्ट्रिजचं (औषध धरून ठेवणारी, बाकीचं वाहू देणारी छोटी नळी) मात्र वाटोळं झालं, ती मध्येच वाळली. एकेक कार्ट्रिज आम्हाला दोनशे रुपयांच्या आसपास पडतं. पावसाळाभर पंप सोडून दिला आणि कार्ट्रिज नुसत्या वजनावर चालवली. वेळ जास्त लागतो, पण सेकंदाला एक थेंब ही चाल आपोआपच मिळते.

३१ जुलै

एसपीई. ६० मिलिग्रॅमचं पॉलिमर कार्ट्रिज, ३ मिली मिथेनॉल, ३ मिली पाणी, मग गाळलेलं सगळं पाणी, मग ५ टक्के मिथेनॉलने धुणं, शेवटी ३ मिली मिथेनॉलने उतरवणं. ४० अंशाला नायट्रोजनखाली वाळवून ०.५ मिली मोबाइल फेजमध्ये घ्यायचं. ५ मिली दुधातलं औषध अर्ध्या मिलीत आलं, म्हणजे दहापट. लिटरला १०० मायक्रोग्रॅमचं दूध इथे मिलीला १ मायक्रोग्रॅम होतं, ते ३५५ ला ठसठशीत दिसतं. राहिलेली मट्ठ्याची प्रथिनं बहुतेक कार्ट्रिजमधून तशीच वाहून जातात. २८० चं चॅनेल प्रथमच शांत.

त्याआधीची एक पायरी सोडू नका: साक्यावर पुन्हा १० मिली बफर घालून हलवा, फिरवा, ते पाणी पहिल्यात मिसळा. त्या दुसऱ्या खेपेत जे निघालं ते बघून आम्ही एकदाच काढून थांबायचा विचार सोडला.

७ ऑगस्ट

२१ जूनला ठरवलेले आधी-नंतरचे दोन्ही नमुने लावले. नंतर घातलेलाही थोडा कमी येतोय. म्हणजे हा तोटा साक्यातला नाही. दोन संशयित: उजेड आणि काच. ट्यूबांना फॉइल गुंडाळली, थोडा फरक. काचेच्या शंकूपात्रांऐवजी पॉलिप्रॉपिलीनच्या ट्यूबा घेतल्या, मोठा फरक. आमची काच बोअरच्या पाण्याने धुतली जाते आणि शेवटी एकदा डिस्टिल्ड. ते जड पाणी काचेवर कॅल्शियम ठेवून जातं आणि ओटीसी त्याला चिकटतं. जी काच टाळता येत नाही ती आता ईडीटीएच्या द्रावणाने विसळून मग डिस्टिल्डने धुतो. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी ईडीटीएची वेगळी बादली करून तिच्यावर "हात घालू नये" अशी पाटी लावली, मराठीत आणि कन्नडमध्ये.

१६ ऑगस्ट

आधी घातलेल्या नमुन्यांत आता ऐंशी टक्क्यांच्या आसपास, तिन्ही ट्यूबा जवळजवळ, प्रेशर आठवडाभर १२५ च्या आत. शंभर टक्के येत नाही आणि येणार नाही. म्हणून प्रमाण-आलेख (ज्यावरून पीकच्या आकारातून औषधाचं प्रमाण काढतात) मिथेनॉलमधल्या शुद्ध ओटीसीवर न काढता येळ्ळूरच्या कोऱ्या दुधावर काढला: त्याच दुधात पाच पातळ्या, सगळ्या पायऱ्यांतून नेलेल्या. मग जो तोटा नमुन्याचा तोच आलेखाचा. शुद्ध द्रावणावर आलेख काढून आकडा छापला तर दूध आहे त्यापेक्षा चांगलं दिसेल, आणि या कामात तीच चूक सगळ्यात वाईट.

२२ ऑगस्ट

मामींच्या शेजाऱ्यांच्या म्हशीला, आमच्या प्रयोगासाठी नव्हे, ओटीसीचं इंजेक्शन झालं होतं, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत ते दूध डेअरीला घालत नव्हते. ते दूध त्यांच्या परवानगीने घेतलं. बाहेरून घातलेलं औषध आणि म्हशीच्या अंगातून आलेलं यात फरक पडतो का ते बघायचं होतं. पीक आला, त्याच वेळेला, नीट आकाराचा. साक्याची दुसरी खेप वेगळी टोचली तर तिच्यात घातलेल्या नमुन्यापेक्षा जास्त निघालं. म्हणजे अंगातून आलेलं घट्ट धरून बसतं. दहा मिनिटांचं हलवणं वीस केलं, तिसरी खेप काढून बघितली, तिच्यात नगण्य. दोन खेपा, वीस मिनिटं, असं ठरवलं.

२५ ऑगस्ट

खर्चाचा अंदाज देऊन ठेवते. ॲसिटोनायट्राइल फक्त मोबाइल फेजपुरतं उरलं, तिथे बचत. टीसीए आणि ईडीटीए स्वस्त. पैसा जातो कार्ट्रिज, सिरिंज फिल्टर आणि गार्डवर. १० जूनचं गार्ड सोडलं तर पुढे एकही बदलावं लागलं नाही. टीसीएचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतायचं नाही, उदासीन करून वेगळ्या कॅनमध्ये. मिथेनॉल-ॲसिटोनायट्राइलचा कॅन वेगळा.

गणपतीनंतर खानापूर बाजूचे नमुने येतील. त्यात गाईचं दूधही असणार, त्यात चरबी आणि कॅल्शियम दोन्ही कमी, म्हणून म्हशीच्या कोऱ्या दुधावरचा आलेख त्याला लावायचा नाही. गाईच्या कोऱ्या दुधासाठी उचगावला एकांशी बोलून ठेवलंय, आणि आधी-नंतरच्या दोन ट्यूबा, दुधाशिवायची एक, असा पहिला दिवस पुन्हा तिथूनच.